कागदावर पास

गजभिये बाईंना राग आला की त्या आधी चष्मा काढून टेबलावर ठेवत. बाकीच्यांचा आवाज रागात चढतो, बाईंचा खाली उतरे, इतका की समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागे. चष्मा कशाला काढता, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "समोरच्याचं तोंड साफ दिसलं की मले दया येते सर, अन् मंग बोलायचं राहून जाते." मी त्या शाळेत होतो तेवढ्या काळात तो चष्मा डोळ्यांवर कमी आणि टेबलावर जास्त पाहिला.

भंडारा जिल्ह्यात हायवे सोडून आत गेलं की तलावाच्या पाळीखाली आमची शाळा. पहिली ते पाचवी, चार शिक्षक, आवारात एक चिंच. बाई रोज वरठीहून स्कूटीवर येत. साडीचा पदर कमरेला खोचलेला आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. दुपारचा डबा त्या उभ्यानेच खात, कारण बसलं की कोणीतरी सही मागायला येतं असं त्यांचं म्हणणं होतं. मी तुमसरचा. बाप धानाच्या मिलमध्ये पोती उचलायचा आणि मालकापुढे राग गिळून घरी यायचा. ती सवय माझ्यात आली आहे. पण बाईंबद्दल लिहायला बसलो की गिळलेलं सगळं वर येतं, आणि ते आज खाली ढकलायची माझी इच्छा नाही.

शिक्षकाने उद्या काय शिकवायचं ते आदल्या दिवशी लिहून ठेवायचं, त्याला टाचण म्हणतात. हल्ली ते कोणी लिहीत नाही. शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वर्षभराचं तयार टाचण येतं, ते छापून घ्यायचं, तारखा टाकायच्या आणि सोमवारी मुख्याध्यापकांची सही घ्यायची. बाईंचं टाचण मात्र हाताने लिहिलेलं, तेही उलटं. आधी शेवटची ओळ लिहीत. तास संपताना पोरांना काय विचारणार, तो प्रश्न. मग त्या प्रश्नाचं उत्तर पोरांना यावं म्हणून काय करावं लागेल, ते वर चढत चढत लिहीत. शिवाय कोणत्याही नमुन्यात नसलेला एक रकाना त्यांनी स्वतः आखला होता, 'काय फसलं'. तो रकाना बहुधा सगळ्यात जास्त भरलेला असे.

रोवण्याच्या दिवसांत, म्हणजे धानाचं रोप चिखलात लावायच्या दिवसांत, निम्मी पोरं बांधीत, धानाच्या खाचरात, आईबापांच्या हाताखाली असत. तयार टाचणात त्याच आठवड्यात भागाकार होता आणि आम्ही सगळे रिकाम्या बाकांना भागाकार शिकवत होतो. बाईंनी तो पुढे ढकलला आणि पोरं परत आल्यावर सुरू केला. एका बांधीला रोपांच्या किती पेंड्या लागल्या आणि त्या किती बायांनी लावल्या, इथून. केंद्रप्रमुख साहेब भेटीला आले, तेव्हा त्यांनी बाईंचं टाचण चाळून लाल शाईने शेरा मारला, 'नीटनेटकेपणा हवा'. पाठ मागे असल्याबद्दलही बोलले. बाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, पोरं बांधीत असताना मी कोणाला पुढे नेऊ? साहेब म्हणाले, नियोजन म्हणजे नियोजन. वर्गात ते गेलेच नाहीत. चहा घेऊन पुढच्या शाळेकडे निघाले.

शाळा सुटताना बाई वर्गाच्या दारात स्टूल टाकून बसत. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने आज न कळलेली एक गोष्ट सांगायची. पोरं त्याला नाका म्हणत. सगळं कळलं म्हणणाऱ्याला रांगेच्या शेवटी पाठवलं जाई. सुरुवातीला पोरं काहीबाही ठोकून देत, पण बाई दुसऱ्या दिवशी तेच शिकवायला घेत, त्यामुळे खोटं सांगणं महागात पडे. पोरांचं बोलणं त्या चिटोऱ्यांवर टिपून घेत आणि सगळे गेले की टेबलावर चिटोऱ्यांचे ढीग लावत. जो ढीग मोठा, तो उद्याचा पहिला पाठ. मुख्याध्यापक हटवार सरांना याचा भारी वैताग. कुलूप लावायचं काम त्यांचं, आणि त्यांना पाचची काळीपिवळी जीप धरायची असे. एकदा ते म्हणाले, परीक्षा वर्षातून दोनदा असते मॅडम, तुमची रोज काहून? बाई म्हणाल्या, "बांधीतलं पाणी रोज पाहावं लागते सर. खेकड्यानं बांध पोखरला, तं कापणीच्या दिवशी समजून काय करू?" हटवार सरांची स्वतःची चार एकर धानाची शेती. बांधीतलं पाणी ते रोज सकाळी पाहूनच शाळेत यायचे. पण हे त्यांना शाळेत आठवत नसे.

माणूस वाईट नव्हता, हेही लिहिलं पाहिजे. निवृत्ती जवळ आली होती आणि शेवटचं वर्ष बिनबोभाट जावं एवढीच त्यांची इच्छा होती. असल्या बिनबोभाट माणसांनीच शाळांचं वाटोळं केलं आहे असं माझं मत आहे.

सत्र संपलं की प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंदी लिहायच्या असतात. म्हणजे मूल काय करू शकतं, कुठे अडतं, त्याची आवड काय. हे वर्षभर पाहून लिहायचं. प्रत्यक्षात दुकानात नोंदींचं तयार पुस्तक मिळतं, आणि शनिवारी शाळा सुटल्यावर एकजण वाचतो आणि बाकीचे लिहून घेतात. आमच्याकडे हटवार सर वाचत. वाक्यं संपत आली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. तिसरीत गोलू नावाचा मुलगा होता, त्याला जन्मापासून बोलता येत नाही. त्या शनिवारी तिसरीच्या नोंदी पूर्ण झाल्या आणि बाईंनी सहज म्हणून वही ओढली. गोलूच्या नावापुढे लिहिलं होतं, 'कविता तालासुरात म्हणतो'.

चष्मा टेबलावर आला. बाईंनी ते वाक्य दोनदा वाचलं, नावासकट. कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. हटवार सर म्हणाले, गडबडीत झालं, खोडून टाकतो. खोडलं, पण त्या जागी काय लिहायचं ते कोणालाच सुचेना. ते आजही आठवलं की माझं डोकं फिरतं. तो पोरगा तीन वर्षं आमच्या डोळ्यांसमोर होता, आणि त्याला काय येतं हे सांगायला एकाचंही तोंड उघडेना. शेवटी बाईंनी सांगितलं. गोलू आकडे बोटांनी दाखवतो, हातच्याची बेरीज करतो, हातच्याची वजाबाकी चुकते, नकाशा पाहून चित्र काढतो, वर्गात त्याला फळ्याकडे तोंड करून बोललेलं समजत नाही, म्हणून बोलताना त्याच्याकडे तोंड करावं. त्यांनी तिसरीला कधी शिकवलं नव्हतं. मधल्या सुट्टीत चिंचेखाली जे पाहिलं, त्यावरून हे सगळं सांगत होत्या.

त्याच वर्षी बाईंकडे पाचवी आली आणि पाचवीत पूनम होती.

पूनमचे आईबाप दरवर्षी संक्रांतीनंतर तेलंगणात मिरची तोडायला जातात आणि होळी होऊन गेल्यावर परततात. पोरगी सोबत जाते, कारण मागे सांभाळायला कोणी नाही. असं पहिलीपासून चाललेलं. जुलैत बाईंनी तिच्यापुढे पुस्तक ठेवलं आणि ती पाठ केलेलं बोलत राहिली. बाईंनी पान उलटलं, तरी ती तेच बोलत होती. तिला एक ओळही वाचता येत नव्हती. मागच्या चार वर्षांच्या प्रगतिपत्रकांवर मात्र चांगल्या श्रेणी होत्या. मिरचीच्या शेतात असताना ती शाळेत नियमित येत होती, असंही एका पत्रकावर लिहिलेलं.

बाईंनी तिच्यासाठी वेगळं टाचण केलं. परिपाठाआधी अर्धा तास, मधली सुट्टी आणि शाळा सुटल्यावर थोडा वेळ. दिवाळीपर्यंत अक्षरं आली. डिसेंबरात पूनम काना-मात्रा लावून छोटे शब्द वाचायला लागली, आणि जानेवारीत गेली. बाईंनी तिच्या आईला थांबवायचा प्रयत्न केला, पोरीला माझ्या घरी ठेवा असंही सांगितलं, पण वयात येणारी पोर परक्या घरी कोण ठेवील. परत आली तेव्हा निम्मं विसरली होती आणि वार्षिक परीक्षा तोंडावर.

आता नियम नीट सांगतो, कारण सगळा राग त्यातच आहे. पाचवीत मूल नापास झालं, तर त्याला उन्हाळ्यात पुन्हा शिकवायचं आणि शाळा उघडताना पुन्हा परीक्षा घ्यायची. बाईंना एवढंच हवं होतं. पूनमला भाषेत नापास दाखवा, मे महिना मला द्या, मी तिला वाचायला शिकवते. सहावीला ती हायवेवरच्या हायस्कूलला जाणार. तिथे भरल्या वर्गात तिला अक्षरओळख करून द्यायला कोण बसणार? इथून न वाचता गेली, तर ती कायमची गेली.

हटवार सर म्हणाले, आपल्या शाळेत आजवर एकही नापास नाही. केंद्रप्रमुख साहेबांना बोलावलं गेलं. त्यांनी फाइल उघडून दाखवलं, की आजूबाजूच्या सगळ्या शाळांचा निकाल शंभर टक्के आहे, आणि फक्त तुमच्याच वर्गात अमक्याला हे येत नाही आणि तमक्याला ते येत नाही अशा नोंदी आहेत. याचा अर्थ तुमचं अध्यापन कमजोर आहे. मी तिथे होतो. जिने पोरांना खरोखर तपासलं, तीच सगळ्यात नालायक ठरत होती, आणि ज्यांनी पुस्तकातून वाक्यं उतरवली ते शंभर टक्के.

बाईंचा चष्मा केव्हाच खाली आला होता. त्या इतक्या हळू बोलल्या, की साहेबांनी खुर्ची पुढे घेतली.

"तुम्ही तिले पास करून राहिले, तं कोणाले फायदा आहे सांगा. तिले नाही. तिच्या मायले नाही. मले तं नाहीच. मंग कोणाले?"

साहेबांनी फाइल बंद केली. नंतरच्या आठवड्यात बाईंना कारणे दाखवा नोटीस आली. बाईंनी कारणं दाखवली. उत्तराला पूनमला वाचनात काय आलं आणि काय आलं नाही, याची महिन्यामहिन्याची नोंद जोडली. ती कोणी वाचली असेल असं मला वाटत नाही. एप्रिलच्या मध्यात हुकूम निघाला, की ऑनलाइन गुण भरायच्या कामासाठी बाईंची तालुक्याच्या ऑफिसात प्रतिनियुक्ती. पोरांना शिकवणारी बाई उचलून कॉम्प्युटरसमोर बसवली, इतर शाळांचे खोटे गुण भरायला. पाचवीचा निकाल हटवार सरांनी स्वतः तयार केला. पूनमला भाषेत 'ब-एक' श्रेणी मिळाली, म्हणजे सत्तरच्या वर गुण.

निकालाच्या दिवशी दुपारी पूनमची आई बाईंना शोधत आली. बाई राहिलेलं सामान घ्यायला शाळेत आल्या होत्या. आईने पदरात बांधून गूळ आणि शेंगदाणे आणले होते. तिला वाचता येत नाही, पण पास आणि नापास हे शब्द तिला कळतात. पोट्टी पास झाली म्हणून ती बाईंच्या पाया पडायला वाकली. बाईंनी तिचा हात धरला आणि तिला चिंचेखाली बसवून खरं सांगितलं. पोरीला अजून वाचता येत नाही. कागदावर लिहिलंय ते खरं नाही. मला उन्हाळा दे, तिला कुठे पाठवू नको.

पूनमच्या आईने प्रगतिपत्रकाची घडी घातली. मग म्हणाली, "आमी मिरची तोडाले गेलो, थे आमची चूक हाय बाई. पोटासाठी गेलो. पन तुमी समदे तं इथंच होते ना. पाच साल काय पायलं मंग?"

 पाचवीआधी ही मुलगी माझ्याकडे नव्हती असं बाई म्हणू शकल्या असत्या, आणि ते खरंही होतं. त्यांनी फक्त मान हलवली आणि गुळाचा खडा घेतला. हटवार सर ऑफिसच्या खिडकीत उभे होते. त्यांनाही ऐकू गेलं असणार. मी त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा ते कॅलेंडरचं पान उलटत होते.

कागदावर पास झालेल्या मुलीला उन्हाळी मार्गदर्शन देता येत नाही आणि तिची पुन्हा परीक्षाही घेता येत नाही. त्यामुळे सुट्टीत शाळेची किल्ली बाईंना मिळाली नाही. जबाबदारी कोणाची, असं हटवार सरांनी विचारलं. मग बाई ऑफिस सुटल्यावर आणि रविवारी उन्हातान्हात स्कूटी घेऊन येत आणि बौद्ध विहाराच्या ओसरीवर पूनमला घेऊन बसत. गावातल्या बाया मोहाची फुलं वाळत घालताना तिकडे पाहत. एकदा मी गेलो, तर पूनम एका जोडाक्षरावर अडून बसली होती आणि बाई पंख्याऐवजी पुठ्ठा हलवत वाट पाहत होत्या. मी म्हटलं, सांगून टाका ना. त्यांनी मला हातानेच गप्प केलं. शब्द पोरीने स्वतः वाचला, तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाले घाई कायची आहे सर?"

जूनच्या शेवटी शाळा उघडल्या. पाचवीतून गेलेल्या मुलांचे दाखले द्यायला मी हायस्कूलला गेलो. बाई पूनमला घेऊन तिथे आधीच पोचल्या होत्या. ऑफिसातून रजा टाकली होती. सहावीचा वर्गशिक्षक तरुण होता, बोलायला अदबशीर. बाईंनी त्याला सांगितलं, की या मुलीला साधे शब्द येतात, जोडाक्षरं अडतात, परिच्छेद वाचायला वेळ लागतो, मोठ्याने वाचायला लावलं तर घाबरत नाही पण घाई केली तर गप्प होते. इथून पुढे शिकवा. त्याने प्रगतिपत्रक पाहिलं आणि म्हणाला, यावर तर ब-एक आहे मॅडम. बाई म्हणाल्या, तेच सांगायला आली. तो म्हणाला, माझ्या वर्गात साठ पोरं आहेत, हे आधीच्या शाळेने करायला पाहिजे होतं.

तो खोटं बोलत नव्हता. म्हणूनच बाईंचा चेहरा काळवंडला. कोणावर चिडायचं तेच त्यांना त्या क्षणी कळेना असं मला दिसलं. मग त्या वळल्या आणि सरळ वर्गात गेल्या. पूनम शेवटच्या बाकावर बसली होती. बाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या. बाक सहावीच्या पोरांच्या मापाचा, बाईंचे गुडघे पुढच्या बाकाला लागत होते. पोरं मागे वळून पाहायला लागली.

वर्गशिक्षक दारात गोंधळून उभा राहिला. तो म्हणाला, मॅडम, तुम्ही ऑफिसात बसा, मी नंतर बोलतो. बाई जागच्या हलल्या नाहीत. शिपाई आला आणि गेला. मग तिथले मुख्याध्यापक आले. त्यांनी समजावलं, नियम सांगितला, थोडा आवाजही चढवला. बाईंचा आवाज मला दारातून ऐकू आला नाही. ओठ तेवढे हलले. नंतर वर्गशिक्षकाने सांगितलं, त्या म्हणाल्या होत्या, "हिच्याजवळ कोण बसणार थे सांगा, मी उठते."

मुख्याध्यापक निघून गेले. कोणी काही सांगितलं नाही आणि बाई उठल्या नाहीत. वर्गशिक्षकाने हजेरी घेतली. मग पुस्तकं काढायला सांगितली आणि पहिला धडा उघडला. त्याने सगळ्या वर्गावर नजर फिरवली. ती शेवटच्या बाकावर येऊन थांबली आणि त्याने पूनमला उभं केलं. चिडून केलं असेल किंवा खरंच पाहायचं असेल, मला ठाऊक नाही. बाई तिच्याकडे पाहत नव्हत्या. त्यांचं लक्ष त्याच्याकडे होतं.

पूनमने पहिला शब्द वाचला, दुसरा वाचला आणि तिसऱ्याला अडली. पुढच्या बाकावरचा एक मुलगा तो शब्द सांगायला लागला. वर्गशिक्षकाने बोट ओठांवर ठेवून त्याला थांबवलं. हातातलं पुस्तक त्याने टेबलावर ठेवलं आणि तो हाताची घडी घालून उभा राहिला. साठ पोरं गप्प बसली होती. मला दाखले देऊन काळीपिवळी धरायची होती, म्हणून मी व्हरांड्यातून निघालो. गेटपर्यंत पोचलो, तेव्हा मागून तिचा आवाज आला, ती पुढचा शब्द वाचत होती.